गोफण, शिंके आणि वाकळ : दूधगंगेकाठच्या घरगुती हस्तकामाविषयी

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा, वेदगंगा व दूधगंगा या तिन्ही नद्यांना महापूर आला. पाणी ओसरल्यानंतर सदलग्याच्या नदीकडील गल्ल्यांतून आम्ही हिंडत होतो. प्रत्येक घरासमोर चिखलाने माखलेल्या सामानाचा ढीग पडला होता आणि त्या ढिगांत सर्वांत अधिक जागा वाकळांनी अडविली होती. भिजलेली वाकळ दोघांनाही उचलत नाही. मदतीच्या गाड्या नवी ब्लँकेटे वाटून जात होत्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जुन्या वाकळा भरून गावाबाहेर नेत होत्या. एका वृद्धेने मात्र आपली वाकळ ट्रॉलीत घालू दिली नाही. आम्हांस पाहून ती म्हणाली, "गुरुजी, ह्यात माझ्या सासूचं लुगडं हाय आनि आमच्या मालकांचा पटका हाय. धुतली तर वाळंल की!"

आम्ही तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवीत आलो. त्या इतिहासात या वाकळीला जागा कोठे आहे, असा प्रश्न त्या दिवशी प्रथमच मनात आला. आणि तो इतक्या उशिरा यावा याची थोडी लाजही वाटली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा आम्ही आमच्या परीने घेतलेला शोध होय.

महाराष्ट्रात हस्तव्यवसायाच्या इतिहासाला साधनांची वाण नाही. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २००० व १००० कार्षापण ठेवल्याचे कोरलेले आहे. व्याजाचा दरही दिलेला आहे. पुढे बाराव्या शतकात बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांत बुट्ट्या विणणारा मेदार केतय्या आहे व गवताचा दोर वळणारा नुलिया चंदय्या आहे. आमच्या संतमंडळीत तेरचा गोरोबा कुंभार आहे, अरणचा सावता माळी आहे. आधुनिक काळात येऊन पाहिले तर १८८४ सालचे बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर आहे आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आहे.

परंतु या सर्व साधनांत एक गोष्ट समान आहे. त्यांत कारागीर येतो तो व्यवसायाने कारागीर म्हणून. शिलालेखात तो श्रेणीचा सभासद असतो, गावगाड्यात तो बलुतेदार असतो, गॅझेटियरात लोकांचे वर्णनच जातवार असल्यामुळे तो एका जातीचा माणूस असतो. ज्या वस्तू कोणीही विकण्यासाठी केल्या नाहीत, ज्यांच्यावर बलुते मिळाले नाही, कर बसला नाही, त्यांची नोंद करण्याचे कारण कोणालाच पडले नाही. शिंके कोणत्या श्रेणीने विणले? कणगी कोणी सारवली? परड्यातल्या दोडक्याचा मांडव कोणी बांधला? ही कामे घरात झाली, पुष्कळशी बायकांनी केली, आणि म्हणून ती इतिहासाबाहेर राहिली.

घरची कारागिरी आणि जातीची कारागिरी यांची हद्द आमच्या भागात फार बारकाईने आखलेली होती, हे वृद्ध माणसांना विचारू लागल्यावर आमच्या ध्यानात आले. घरात झाडावयाची शिंदीची केरसुणी मातंगाकडून यावयाची. अंगण झाडावयाचा खराटा मात्र घरचा गडीच बांधी. बैलांचे कासरे मातंगाने वळावयाचे. शिंके, मुसकी व गोफण घरी. सूप, रोवळी, दुरडी ही बुरुडाची; तुराट्यांचा कूड व निरगुडीच्या फोकांची शेणामातीने लिंपलेली कणगी घरची. चाकावरची माती कुंभाराची, चुलीची माती बाईची आणि बैलांची माती पोरांची. ही शेवटची गोष्ट बाहेरच्या वाचकांस ठाऊक नसेल. ज्येष्ठी पौर्णिमेस आमच्याकडे कर्नाटकी बेंदूर असतो. कन्नडमध्ये तिला ‘कारहुण्णिमे’ म्हणतात. त्यानंतर येणारी ज्येष्ठाची अमावास्या ही ‘मण्णेत्तिन अमावास्ये’, म्हणजे मातीच्या बैलांची अमावास्या होय. त्या दिवशी घरोघर ओल्या मातीचे बैल करून त्यांची पूजा होते. याला चाक लागत नाही, भट्टी लागत नाही. दोन तळहात आणि पहिल्या पावसाने भिजलेली माती एवढ्यावर काम भागते.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. सदलग्यात १९४६ साली जन्मलेले आणि पुढे आचार्य विद्यासागर म्हणून सर्व देशास परिचित झालेले जैन मुनी २०२४ साली निवर्तले. त्यांचे ‘मूकमाटी’ हे हिंदी महाकाव्य १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्यात मातीच काव्याचा विषय झाली आहे. कुंभाराच्या हातून ती घटाचे रूप घेते. ज्या गावात ज्येष्ठातील अमावास्येस प्रत्येक मूल मातीचा बैल करीत असे, त्या गावातील एका मुलाने पुढे मातीवर महाकाव्य लिहावे, यात कार्यकारणभाव जोडण्याचे धाडस आम्ही करीत नाही. गावात मात्र ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि आम्हीही ऐकून घेतो.

या वस्तूंची कागदोपत्री नोंद नसली, तरी भाषेने ती ठेवली आहे. मोल्सवर्थच्या मराठी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शिंके आहे, चुंबळ आहे. सीमाभागात तर ही नोंद दुहेरी आहे. आमच्या गल्लीतील शिंके पुढच्या गल्लीत ‘नेलुवु’ होते. चुंबळ ‘सिंबी’ होते. गोफण ‘कवणे’, वाकळ ‘कौदी’ आणि धान्याचे पेव ‘हगेवु’ होते. बुट्टी मात्र दोन्हीकडे बुट्टीच. चिकोडी तालुका १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या घटनेची दुःखे आमच्या पिढीने पाहिली आहेत, व त्यांविषयी लिहावयाचे हे स्थळ नव्हे. पण डोक्यावर घागर घेऊन नदीवरून येणाऱ्या दोन शेजारणी एकमेकींची चुंबळ उसनी घेत होत्या आणि दोन्ही शब्द जाणत होत्या, ही गोष्टही त्याच इतिहासाचा भाग आहे.

आता त्या वृद्धेच्या वाकळीकडे वळू. पुरानंतर ती चार दिवस उन्हात पडली, तरी आतून ओलीच राहिली. तेव्हा तिने ती उसवावयास घेतली. आम्ही जवळ बसून पाहत होतो. वाकळ जीर्ण झाली की ती टाकून देण्याची आमच्याकडे रीत नव्हती. तीच आत घालून वर नवे कापड चढवीत आणि काठाकडून आत आत येणाऱ्या धावदोऱ्याने पुन्हा शिवीत. त्यामुळे वरचा थर सर्वांत अलीकडचा आणि गाभ्यातला सर्वांत जुना. भूगर्भशास्त्रज्ञ जसा कडा वाचतो तशी ती वाकळ वाचता येत होती. वर नातीचे फ्रॉक व नायलॉनची साडी होती. त्याखाली मुलाचे टेरिलीनचे शर्ट होते. पुढे शाळेच्या खाकी चड्ड्या निघाल्या, बाहेरचे पाय उलगडून सपाट केलेल्या. मग गिरणीचे धोतर, मग पटका, आणि अगदी आत तांबड्या पदराचे इरकली लुगडे, हाताला लावताच विरणारे. आणि टेरिलीन व खाकी यांच्या मधोमध आम्हांस एक अनपेक्षित वस्तू सापडली. ते रासायनिक खताचे रिकामे पोते होते. ओल वर येऊ नये म्हणून घातले, असे ती म्हणाली. आम्ही विचारले, "कोणत्या साली?" तिला साल आठवेना. तिने थोडा विचार करून उत्तर दिले, "ऊस आला तवा."

या तीन शब्दांनी आमच्या प्रश्नाला वाट सापडली.

घरगुती कारागिरी का बुडाली, असे विचारले की बहुतेक लोक दोन उत्तरे देतात. एक, बाजारात स्वस्त माल आला. दुसरे, माणसे आळशी झाली. पहिले उत्तर अर्धे खरे आहे, दुसरे खोटे. आमच्या मते खरे कारण शेतात आहे. या हस्तकामाला लागणारे साहित्य कोणी विकत आणत नव्हते. ते पिकाबरोबर फुकट घरी येत होते. ज्वारीच्या शेतात अंबाडीच्या दोन-चार ओळी टाकलेल्या असत. भाजीसाठी पाला खुडून घेतल्यावर तिची उभी झाडे नदीच्या पाण्यात कुजत घालीत आणि साल सोलून वाख काढीत. त्या वाखाचे शिंके होई. तुरीच्या काढणीनंतर तुराट्या मिळत. त्यांचा कूड, खराटा व मांडवाची ताटी. ज्वारीच्या धाटापासून मुले बैलगाड्या करीत आणि चष्मे करून डोळ्यांवर लावीत. धाटाचा सालपा सांध्याला आणि आतील भेंड चाकाला. कापसाची वात, करडईच्या काटेरी झाडांचे कुंपण, कडब्याचे छप्पर. ज्या घरी शेत नव्हते त्या घरालाही सुगीला कामावर गेल्यावर यातले काही मिळे.

पुढे नदीवर उपसा सिंचनाच्या योजना झाल्या, सहकारी साखर कारखाने निघाले, काळम्मावाडीचे धरण झाले. ऊस आला तो पैसा घेऊन आला आणि घराघरांतील मुले शिकली. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. आमचे स्वतःचे शिक्षण उसाच्या बिलावर झाले आहे. परंतु उसाबरोबर ज्वारी मागे सरली, अंबाडी गेली, तूर बांधावर गेली. गोफणीचेच पाहा. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे तुटून पडत आणि माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागे. प्रत्येक घरातील पोराला गोफण विणता येत होती, कारण दर वर्षी ती लागत होती. उसाला गोफण लागत नाही. उसाला राखण लागते ती डुकरांची, आणि ती कामे फटाक्यांनी होतात. गोफणीचे साहित्य आणि गोफणीचे काम ही दोन्ही एकाच हंगामात संपली. मग विणणाऱ्या हाताने काय करावे?

येथे कोणी आक्षेप घेईल की आम्ही दारिद्र्याला कलेची झूल पांघरीत आहो. आक्षेप गंभीर आहे. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या घराचे जे वर्णन केले आहे, ते वाचून त्या घरातील वस्तूंविषयी कौतुक वाटत नाही, संताप येतो, आणि तसा तो यावा अशीच त्यांची इच्छा होती. वाकळ प्रथम थंडीसाठी व नवे पांघरूण घेण्याची ऐपत नव्हती म्हणून शिवली गेली. केरसुणी कोणी करावी आणि खराटा कोणी बांधावा या वाटणीत कारागिरीबरोबर अपमानही वाटला गेला होता. जुन्या काळाचा मोह आम्हांस नाही. परंतु गरज होती म्हणून कौशल्य नव्हते, असे म्हणता येणार नाही. हल्याळ व यल्लापूर भागातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रियाही जुन्या कपड्यांचीच वाकळ शिवतात; तिला त्या ‘कवंदी’ म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्या शिवून त्यांना ‘फुला’ असे नाव देतात, आणि ती नसतील तर कवंदी नागडी राहते अशी त्यांची भावना आहे. थंडी वारण्यासाठी फुलांची गरज नसते. या कवंद्यांची अमेरिकेत प्रदर्शने झाली. चिकोडी तालुक्यातील वाकळ मात्र ट्रॉलीत बसून उकिरड्यावर गेली.

हे कौशल्य शाळेने का उचलले नाही? उचलले होते, आणि या प्रकरणी आमच्या व्यवसायाची थोडी झडती घेणे प्राप्त आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधींनी तेथे हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण हा विचार मांडला आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले. कताई-विणाई, सुतारकाम, शेती, फळबाग व भाजीपाला असे उद्योग त्यात होते. हा विचार किती क्रांतिकारक होता हे आम्हांस फार उशिरा कळले. जी कामे जातीजातींत वाटली गेली होती ती सर्व मुलांनी एका पंगतीत बसून करावयाची, असा त्याचा अर्थ होता. खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई इलाख्यात त्याचा प्रारंभ झाला. आमच्या भागातील जुन्या विद्यार्थ्यांना पेळू, टकळी आणि सुताची गुंडी आठवते. त्यांना आणखी एक गोष्ट आठवते : पेळू शाळेत बाहेरून येत असत.

तेथेच दोष राहिला. मूळ योजनेत उद्योग परिसरातून निवडावयाचा होता. प्रत्यक्षात साहित्य वरून आले, पुरेसे आले नाही, आणि काम तासापुरते उरले. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे नाव सुचविले. नाव बदलले, पण साहित्य दुकानातलेच राहिले.

या चुकीतून आम्हीही सुटलो नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत कार्यानुभवाचे प्रदर्शन होते. थर्मोकोलचे बंगले, आइसक्रीमच्या काड्यांच्या पेट्या, लोकरीचे तोरण, सर्व मांडले होते. सातवीच्या एका मुलीने एक शिंके आणले होते. वाख मिळाला नाही म्हणून ते नायलॉनच्या सुतळीचे केले होते; गाठी मात्र जुन्या पद्धतीच्या, एकसारख्या, व सैल न पडणाऱ्या होत्या. आजीने शिकविले, असे तिने सांगितले. परीक्षक आम्ही होतो. ‘आकर्षकता’ या सदरात आम्ही तिला दहापैकी तीन गुण दिले आणि थर्मोकोलच्या एका बंगल्याला नऊ. तो बंगला बाजारात तयार मिळतो हे आम्हांस दोन दिवसांनी समजले. गुण आम्ही बदलले नाहीत. निकाल लागून गेला होता, असे स्वतःला सांगितले. ट्रॉलीत वाकळ घालू न देणारी वृद्धा ही त्याच मुलीची आजी होती. तिने त्या गुणांचा विषय काढला नाही. आम्हांसच तो आठवत राहिला.

दुसरी वाट दाखविणारी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली, व आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. सोबत अनुताई वाघ होत्या. माँटेसोरीची महागडी साधने आदिवासी पाड्यात परवडणार नाहीत, हे जाणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, दगड यांतूनच साधने उभी केली. अरविंद गुप्ता यांनी १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगपेटीच्या काड्या यांपासून भूमितीच्या आकृती जोडल्या. पुढे पुण्यात राहून त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली. अंबाडी गेली म्हणून ते रडत बसले नाहीत. आजच्या घरात फुकट काय येते, एवढेच त्यांनी पाहिले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त पत्रावळीवर एक संपूर्ण प्रकरण आहे, हे वाचकांस स्मरत असेलच, कोकणात पाने फुकट होती, म्हणून तो धडा पत्रावळीचा झाला.

आमच्याकडे आज फुकट काय येते? उसाचे पाचट. तोडणीनंतर त्याला काडी लावतात व चार-आठ दिवस गावावर काजळी पडत राहते. गेली तीन वर्षे आम्ही ते शाळेच्या परड्यात आणून टाकीत आहो. मुले त्याचे पेंढे वळून वाफ्यांना कडा करतात, आच्छादन घालतात, कोंबडीची खुराडी शाकारतात. उन्हाळ्यासाठी गळकी मडकी मानेपर्यंत पुरून त्यांच्याभोवती दोडका व काकडी लावली आहे. पाणी मातीतून झिरपते आणि मुळे ते ओढून घेतात. हा उपाय इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात चीनमधील फान शंगची याने खरबुजाच्या वेलांसाठी लिहून ठेवला होता, असे वाचल्यावर आमच्या शिपायाला फार आश्चर्य वाटले. त्याच्या मते हा उपाय त्याच्या आजीचा होता. कदाचित दोघेही खरे असतील. महादेवाच्या पिंडीवरील गळती ज्याने पाहिली आहे त्याला हे सुचण्यास चीनला जावयाचे कारण नाही.

याच्या जोडीस एक वही चालू आहे. मुले आजी-आजोबांस विचारून वस्तूचे नाव मराठीत व कन्नडमध्ये लिहितात. ती कशाची करीत, कोण करी आणि कोणास करू देत नसत, हे चारही रकाने भरावयाचे असतात. चौथा रकाना भरताना काही घरांत अवघडलेपणा येतो. तो गाळू नये अशी आम्ही सक्त ताकीद दिली आहे.

गेल्या मार्गशीर्षात आठवीतील दोन मुलांनी बांधावरची घायपाताची पाने ठेचून वाख काढला आणि गावातील एका नव्वदीच्या आजोबांपुढे बसून गोफण विणून आणली. तिच्या मधल्या पदरावर आजोबांनी स्वतःच्या हाताने एक लाल गोंडा लावून दिला. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आले नाही. मधल्या सुट्टीत मैदानावर प्रयोग झाला. पाखरे नव्हती, ज्वारीही नव्हती. पहिला दगड मागे गेला, दुसरा जाग्यावरच पडला, आणि तिसरा सणसणत जाऊन शाळेच्या छपरावरील पाण्याच्या टाकीवर आदळला. टाकी प्लॅस्टिकची असल्यामुळे फुटली नाही. गोफण सध्या आमच्या टेबलाच्या खणात आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर ती मुलांना नदीच्या मळीत नेण्यास द्यावयाची, असे ठरले आहे.